पेशंटजवळ राहण्याचं काम

लातुरात 'जनरल ड्यूटी असिस्टंट'च्या बॅचला मी नाव घातलं तेव्हा गावाकडं बातमी पोचली की मी नर्स होणार. चुलत्यांनी फोनवर विचारलंही, "मग आता सलाईन लावायलीस का?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, म्हणून तिथूनच सांगते. नर्सिंग वेगळं. एएनएम, म्हणजे सहायक नर्स आणि सुईणीचं शिक्षण, २ वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं, आणि पुढं नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. आमचा कोर्स काही महिन्यांचा, कौशल्य विकासातला. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली, त्यात आरोग्याच्या कामांचे असे कोर्स आले. दवाखान्यात काम करणारी ती जनरल ड्यूटी असिस्टंट, घरी जाऊन करणारी ती होम हेल्थ एड. घरोघरी मात्र आम्हाला केअरटेकर म्हणतात, नाहीतर सरळ 'मावशी'.

पहिल्या दिवशी मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर काय करायचं नाही ते लिहून घेतलं. इंजेक्शन द्यायचं नाही. सलाईनचा वेग कमीजास्त करायचा नाही. नाकातली नळी, लघवीची नळी घालायची नाही, काढायची नाही. गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, तेवढीच, त्याच वेळेला; स्वतःच्या मनानं अर्धीसुद्धा नाही. मॅडम बरीच वर्षं दवाखान्यात सिस्टर होत्या. त्या म्हणायच्या, "घरचे लोक चांगले असतात, त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो, आणि मग एक दिवस म्हणतात, ताई, तेवढं इन्शुलिन तुम्हीच टोचा की. त्या दिवशी हे पान उघडा." पुढं दोन घरांत मला अगदी याच शब्दांत विचारलं गेलं. दोन्ही वेळा मी दवाखान्यातल्या सिस्टरकडून घरातल्या माणसाला टोचायला शिकवून घेतलं.

आमच्या बॅचमध्ये चाकूर, निलंगा, रेणापूरकडच्या बायका होत्या, दवाखान्यात आधीच वॉर्डबॉय असलेली दोन पोरं होती. पुस्तक होतं, आकृत्या होत्या, पण मला सगळ्यात उपयोगी पडला तो एक वेगळाच तास. आमच्यातल्याच एकीला कॉटवर निजवायचं. तिनं उजवा हात-पाय हलवायचा नाही, बोलायचं नाही. बाकीच्यांनी तिला पाणी पाजायचं, कूस बदलायची, कपडे घालायचे. माझी पाळी आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खाली पडलेल्या माणसाला वरचं जग कसं दिसतं. दोघी माझ्या अंगावरून एकमेकींशी बोलत होत्या. एकीनं काही न सांगता चादर ओढली तर मी दचकले, आणि तिथं तर सगळ्या मैत्रिणीच. चमचा वरून आला, तोंडात घ्यायला मान वर झाली आणि पाणी थेट घशात उतरून जोराचा ठसका लागला.

त्या ठसक्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या आकृतीनं शिकवलं नसतं. पाजायचं असेल तर पेशंटला शक्य तितकं ताठ बसवायचं आणि आपण त्याच्यासमोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसायचं. चमचा खालून न्यायचा, म्हणजे हनुवटी खालीच राहते. एक घोट गिळला हे गळ्याकडं बघून खात्री करायची, मग दुसरा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि हात लावायच्या आधी सांगायचं. "आजी, आता कूस बदलते हं." पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं.

त्याच दिवशी मॅडमनी आम्हाला एकेकीला कडक गादीवर उताणं, अजिबात न हलता पडून राहायला लावलं. थोड्याच वेळात टाचा दुखायला लागल्या, मग माकडहाड, मग खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. जिथं हाड कातडीजवळ, तिथंच. "तुम्हाला दुखलं म्हणून तुम्ही हलाल," मॅडम म्हणाल्या, "ज्याला दुखलेलं कळत नाही किंवा हलता येत नाही त्याचं काय?" म्हणून दर २ तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर आडवं टाकलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागं उशी लावून थोडंसंच कलतं ठेवायचं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी घालायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक; लालच राहिला तर आतली कातडी खराब व्हायला लागलीय. आपल्याकडं असा डाग दिसला की कुणीतरी लगेच तेल घेऊन रगडायला बसतं. तसं रगडल्यानं नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. भार काढायचा, जागा कोरडी ठेवायची, आणि सिस्टरला किंवा डॉक्टरला सांगायचं. मला विचाराल तर या कामातली निम्मी अक्कल पाठ बघण्यात आहे. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, एकदा खोल गेला की भरायला महिने लागतात, आणि सुरुवातीला तो एवढासा डाग असतो.

कोर्सनंतरची ड्यूटी एका दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डात होती. तिथं काम पुष्कळ, सिस्टर मोजक्या. आम्ही बेड लावायचो, स्पंजिंग करायचो म्हणजे ओल्या कपड्यानं अंग पुसायचो, ताप-नाडी-श्वास मोजून तक्त्यावर लिहायचो, लघवीची पिशवी रिकामी करून किती एमएल ते नोंदवायचो. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण फरशीला टेकलेली नको. नळीला कुठं मुरड नको. श्वास मोजायची एक रीत वॉर्डातल्या जुन्या मामांनी दाखवली. "श्वास मोजायलोय" असं सांगितलं की माणूस श्वासाकडं लक्ष देतो आणि तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून छातीकडं बघत पूर्ण मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २०. पंचवीस-तीस दिसले तर बाकी सगळं सोडून सिस्टरकडं जायचं.

हात धुण्याचं तर वेडच लावलं होतं मॅडमनी. साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांखाली. एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाताना दर वेळी. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाठ करून घेतले: रक्त-पू लागलेला कापूस पिवळ्यात, नळ्या आणि सलाईनच्या बाटल्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. घरी हे रंग नसतात, पण सुई जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यातच जाते. घंटागाडीवर कचरा हातानं वेगळा करणारीही कुणाचीतरी माय असते.

परीक्षा घ्यायला परीक्षक बाहेरून आले. हृदय बंद पडल्यावर देतात तो छातीदाब पुतळ्यावर द्यायला लावला, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. नंतर तोंडी. "पेशंटचं बीपी २०० आलं, घरात बीपीची गोळी आहे, काय कराल?" मी म्हटलं, पेशंटला शांत बसवीन, पट्टा नीट लावलाय का बघून परत मोजीन, डोकं दुखतंय का, बोलणं बदललंय का, छातीत दुखतंय का बघीन, डॉक्टरांना फोन करीन, वेळ लिहून ठेवीन. "आणि गोळी?" "डॉक्टरांनी सांगितली तरच." ते मान हलवून पुढच्या प्रश्नाकडं वळले.

पहिलं घर औसा रोडला होतं. पेशंट आण्णा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू पूर्ण निकामी, त्यासोबत बोलणंही गेलं. पहाटे हात खाली पडला, तोंड वाकडं झालं, तर घरच्यांनी आधी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं नेलं, तिथून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅन करून. ती वेळ निघून गेली होती. मी हे त्या घराला दोष द्यायला सांगत नाही. लकव्याला मात्रा चालते असंच आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. पण आण्णांना बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच सांगायची: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी एकाएकी झालं तरी घड्याळ बघायचं, १०८ ला फोन लावायचा आणि स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

आण्णांना सगळं कळत होतं. शब्द मात्र येत नव्हते. 'पाणी' म्हणायचं असलं तर तोंडातून भलताच शब्द यायचा, मग ते चिडायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. घरचे लोक मोठ्यानं बोलायचे, जसं काही त्यांना ऐकू येत नाही. मी प्रश्न असे विचारायला लागले की उत्तर मानेनं देता येईल. चहा का पाणी असं न विचारता कप आणि तांब्या दोन्ही समोर धरायची. आणि एक गोष्ट सूनबाईंच्या लक्षात आली होती, तिचा फार उपयोग झाला: संध्याकाळी शेजारच्या मंदिरात भजन सुरू झालं की 'विठ्ठल विठ्ठल' हे आण्णांच्या तोंडून स्पष्ट निघायचं. मेंदूत गाण्याची आणि बोलण्याची वाट पूर्णपणे एकच नसते, असं त्यांच्या स्पीच थेरपिस्टनं आम्हाला समजावलं. मग मी रोज भजनाच्या वेळी त्यांना खुर्चीत बसवायची. त्या वेळचा चेहरा दिवसभरात दुसऱ्या कुठल्या वेळी दिसायचा नाही.

या घरात माझा सगळ्यात मोठा वाद झाला तो डाव्या हातावरून. आण्णांचा डावा हात चांगला होता. मी चमचा त्यांच्या डाव्या हातात द्यायची, ताट उंच काठाचं घ्यायची, खाली ओला कपडा टाकायची म्हणजे सरकणार नाही. सांडायचं, वेळ लागायचा, तोंड माखायचं. तोंड धुवायचं असलं की मी ओला टॉवेल हातात देऊन थांबायची. सूनबाईंना हे बघवेना. "आवो ताई, आम्ही पैसे देऊन माणूस ठेवलाय, अन् म्हातारा स्वतःच्याच हातानं खायलाय? लोक काय म्हणतील?" शेजारच्या काकू तर तोंडावरच म्हणाल्या, बाई आळशी दिसते.

मी त्यांना सांगितलं ते आजही प्रत्येक घरी सांगते. भरवायला मला १० मिनिटं लागतात, त्यांना स्वतः खाऊ द्यायला पाऊण तास. सोपं माझ्यासाठी पहिलंच आहे. पण जे त्यांना जमतंय ते आपण करायला लागलो तर महिन्याभरात तेही जमेनासं होईल, आणि तेव्हा ते परत आणायला कुणाच्याच हातात काही नसेल. आपल्याकडं सेवा म्हणजे माणसाला जागेवरून हलू न देणं, अशी समजूत घट्ट आहे. मायेपोटीच आहे. पण तीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाला चमचाही दुसऱ्यानं धरावा लागतो, हे त्यांना दिवसातून चार वेळा सांगितल्यासारखं होतं.

आण्णांचे थोरले चिरंजीव समंजस होते. त्यांना मी आणखी एक गोष्ट करून दाखवली. ते वडिलांना उठवताना लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढायचे. लकव्यात त्या खांद्याचे स्नायू सैल पडतात, ओढलं की सांधा निसटतो आणि मग जन्माचं दुखणं. उठवायचं तर खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, चाकांचे ब्रेक लावायचे, त्यांना पलंगाच्या कडेला पाय टेकवून बसवायचं, कमरेचा पट्टा धरायचा, आपले गुडघे वाकवायचे आणि 'एक, दोन, तीन' म्हणून त्यांनाच उठू द्यायचं. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. जेवणात घास तोंडाच्या चांगल्या बाजूला द्यायचा आणि नंतर लुळ्या गालात काही साठलंय का बघायचं; आण्णांच्या गालात भाकरीचा कोरडा चुरा हमखास राहायचा. पातळ चहा-पाण्याला ठसका, पण घट्ट ज्वारीची आंबील नीट गिळायचे. थेरपिस्टला विचारून त्यावरच भर दिला.

शौच आणि आंघोळ हा विषय लोक टाळतात, म्हणून लिहिते. आण्णा मला हात लावू देईनात. त्यांच्या नजरेत इतकी लाज होती की मी हट्ट धरला नाही. सकाळचं ते काम मुलानं करायचं, मी दाराबाहेर उभं राहून सांगायचं, असं ठरलं. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मुलगा घरी नसताना अडचण झाली, तेव्हा आण्णांनी स्वतःच माझ्याकडं बघून मान हलवली. मी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला, कमरेवर चादर ठेवली आणि लागेल तेवढंच उघडलं. पाण्याचं म्हणाल तर लातूरकरांना ते शिकवावं लागत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर. स्पंजिंगला दोन लहान घमेली पुरतात: एकात साबणाचं कोमट, एकात साधं. डोळे आधी, आतल्या कोपऱ्यातून बाहेर. मग तोंड, हात, छाती, पाय. पाणी बदलून पाठ. परत बदलून शेवटी जांघा, पुढून मागं.

उन्हाळ्यात वीज जायची. एअर मॅट्रेसचा, म्हणजे पंपानं हवा भरत राहणाऱ्या गादीचा, पंप बंद पडला की तिच्यातली हवा उतरायला लागते आणि पेशंट खालच्या कडक फळीवर येतो. मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, असं घरच्यांना दुकानदारानं सांगितलं होतं. ते खरं नाही. मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते, वीज गेल्यावर तर घड्याळ लावून. त्यातच मे महिन्यातलं ऊन. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न बघता दर तासाला थोडं थोडं. लघवी गडद पिवळी झाली की मी वहीत लाल शाईनं लिहायची. ही वही म्हणजे माझं खरं हत्यार. किती प्यायले, किती लघवी, शौच कधी, पाठ कशी, काय खाल्लं, आज काय वेगळं वागले. एकदा आण्णा दुपारी एकाएकी गुंगीत बडबडायला लागले. आदल्या दोन दिवसांच्या नोंदी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवल्या, तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसात तापाच्या आधी गोंधळलेपण दिसू शकतं.

सगळी घरं अशी नव्हती. एका घरी पाणी देण्याआधी आडनाव विचारलं. आडनाव ऐकून माझा कप वेगळा ठेवला गेला, आणि मी मात्र त्यांच्या आईच्या तोंडात घास घालत होते. त्या आजींना यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून महिना पुरा केला आणि पुढचं काम घेतलं नाही. कुठं पेशंटच्या खोलीसोबत घरभर झाडू, सगळ्यांची भांडी माथी मारतात. आता मी आधीच बोलून घेते: पेशंटची खोली, पेशंटचे कपडे, पेशंटचं खाणं-भांडं माझं, बाकी नाही. १२ तासांच्या ड्यूटीत जेवायला वेळ आणि महिन्यातून सुट्ट्याही. हे बोलायला बऱ्याच बायका कचरतात, काम जाईल म्हणून. बोलल्यावर काम जातं ते क्वचित.

सध्या ज्या आजींकडं जाते त्यांना स्मृतिभ्रंश आहे. मूळच्या किल्लारीकडच्या. गणपती विसर्जनाच्या दिवसांत रात्री ढोल वाजायला लागले की त्या उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "चला, बाहेर चला, माळवद पडंल." लेक म्हणायची, "आई, आता कुठला भूकंप? घर आरसीसीचं आहे." त्यानं आजी आणखी घाबरायच्या, हात झटकायच्या. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावांनी गणपती बोळवले, लोक दमून झोपले आणि दगड-मातीच्या भिंती, वरची मातीची जड माळवदं अंगावर आली. हे मला लेकीकडून कळलं तेव्हा ढोलाचा अर्थ लागला. त्यांच्यासाठी ती रात्र मागची नाही, आत्ताची आहे. मी समजूत घालत बसले नाही. "चला आजी," म्हटलं, आणि त्यांची गादी अंगणातल्या पत्र्याखाली टाकली. तिथं त्यांनी माझा हात धरून कोण कोण बाहेर आलं ते नावं घेऊन मोजलं, आणि झोपल्या. लेकीनं यंदा तिथं डासांची जाळी आणि एक बल्ब कायमचा लावून घेतलाय.

म्हणून आता कुणी कामासाठी फोन केला की आजाराचं नाव ऐकून घेतल्यावर मी माझे प्रश्न विचारते. पेशंट स्वतःच्या हातानं काय काय करतात? पाणी पिताना ठसका लागतो का? पाठ शेवटची कुणी, कधी बघितली? आधी काय काम करायचे, कुठल्या गावचे? कशाला घाबरतात? आणि घरात बाई येणार आहे, हे त्यांना सांगितलंय का, त्यांना चालणार आहे का? शेवटच्या प्रश्नाला बरेच लोक म्हणतात, "त्यांना काय विचारायचं ताई, आम्ही ठरवलंय." मग मी सांगते, आधी त्यांना विचारा, मी संध्याकाळी परत फोन करते.